करायला गेलो सा, झाला नी

दुकानात वस्तू बघून "केवढ्याला?" असं विचारणारी माणसं संसारात सुखी असतात. मी "यात एवढं काय आहे?" असं विचारतो. हा प्रश्न दुकानदाराला नसतो, स्वतःलाच असतो. उत्तर मात्र पुढची दोन वर्षं घरच्यांना भोगावं लागतं. आमच्याकडे मी केलेलं पुस्तकांचं कपाट आहे. त्यातली पुस्तकं उजवीकडे कलतात आणि नवखे पाहुणे त्यावरून माझी राजकीय मतं ओळखतात. एक झोपाळाही होता. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

भारतात होतो तोवर हा रोग आटोक्यात होता. तिथे सुतार येत नसला तरी "उद्या येतो" एवढं म्हणायचा आणि त्या आशेवर महिने निघायचे. शिकागोच्या उपनगरात घर घेतलं, त्याला तळघर निघालं, आणि संपलं. मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हाती तळघर, रविवार आणि विजेवर चालणारी करवत या तीन गोष्टी एकदम पडू देऊ नयेत.

लेक नववीत गेली आणि शाळेच्या बॅन्डमध्ये मरिंबा वाजवायला लागली. मरिंबा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपलं काष्ठतरंग असतं ना, लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं? तेच लहानपणापासून तूपभात खाऊन वाढलं असतं तर जसं दिसलं असतं, तसा तो दिसतो. पाच सप्तकं, पियानोसारख्या दोन रांगांत ६१ पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळी, आणि लांबी एवढी की वाजवणाऱ्याला मंद्रातून तारसप्तकात चालत जावं लागतं. रोझवुडच्या पट्ट्यांचा असा नवा मरिंबा दहा हजार डॉलरच्या पुढे सुरू होतो. कुठे संपतो ते विचारायचा धीर झाला नाही.

मी वाद्यांच्या दुकानातच ओणवा होऊन त्याच्या पोटाखाली पाहिलं. वर लाकडाच्या पट्ट्या, मधून ओवलेली दोरी, खाली नळ्या.

"यात एवढं काय आहे?" तोंडून निघून गेलंच.

बायकोने डोळे मिटून घेतले.

आम्ही कुठल्याही कामाची सुरुवात वाचनाने करतो, म्हणजे काम तेवढंच लांबतं. वाचून कळलं की हे वाद्य मुळात आफ्रिकेतलं. गुलाम म्हणून धरून नेलेल्या माणसांबरोबर ते मध्य अमेरिकेत पोचलं. ग्वाटेमालात त्याची नोंद १६८० सालची, तीही चर्चच्या सोहळ्यातली. तेव्हा पट्ट्यांखाली नळ्या नव्हत्या, वाळवलेले भोपळे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी कोमल-तीव्र स्वरांची दुसरी रांग बसवली. ते कुणीतरी आमचंच, असं ग्वाटेमालाही म्हणतो आणि शेजारचा मेक्सिकोतला चियापासही. मिसळ मूळची कुठली यावर कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांची एकत्र बैठक बोलवावी, तसा हा प्रश्न आहे. १९७८ साली ग्वाटेमालाने मरिंबा हे आपलं राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर करून टाकलं.

आणि धक्का म्हणजे, अमेरिकेत हे वाद्य घडवणाऱ्यांची पंढरी आमच्या शिकागोतच होती. जॉन कॅल्हून डीगन नावाचा एक क्लॅरिनेटवादक. त्याने हेल्महोल्ट्झचं ध्वनिशास्त्र वाचलं आणि वाचूनही तो थांबला नाही, कारखानाच काढला. रेव्हन्सवुड भागातली त्याची १९१२ सालची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत अजून उभी आहे. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्लेअर ओमर मसर या वादकाने १०० मरिंबांचा वाद्यवृंद उभा केला होता. शंभर मरिंबा! म्हणजे कुणीतरी हजारो पट्ट्या एकेक करून सुरात आणल्या होत्या. मला तर ६१ आणायच्या होत्या. यात एवढं काय आहे?

पहिला प्रश्न लाकडाचा. उत्तम मरिंबाला लागतं होंडुरास रोझवुड. ते बेलीझ आणि ग्वाटेमालाच्या जंगलात वाढतं, फार सावकाश वाढतं, आणि आता त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ते आपल्या शिसवीच्या भावकीतलं, हे कळल्यावर मला मिरजेच्या सासुरवाडीतला शिसवी झोपाळा आठवला. पुढच्या व्हिडिओ कॉलवर मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, झोपाळ्यावर जरा टकटक करून दाखवता का?" त्यांनी केली. मी डोळे मिटून ऐकली. मंद्र सप्तक सहज निघालं असतं. तेवढ्यात पडद्यावर सासूबाई आल्या आणि झोपाळ्यावर बसल्या. त्या पुढचे दोन कॉल तिथून उठल्या नाहीत.

शेवटी मी गरिबाचं रोझवुड घेतलं: पडूक. हा आपल्या बिबल्याचा आणि रक्तचंदनाचा आफ्रिकेतला चुलतभाऊ. रक्तचंदनाशी नातं आहे हे कापायला घेतलं की लगेच कळतं. त्याचा भुसा शेंदरी-लाल आणि इतका बारीक, की पहिल्या रविवारी संध्याकाळी तळघर, मी, धुलाई यंत्र आणि त्यातले शाळेचे पांढरे शर्ट असे सगळे एका रंगाचे झालो. सासू-सासरे त्याच आठवड्यात सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले होते. सासरे जिन्यावरून डोकावले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "जावईबापू, कोण निवडून आलं?"

सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. ते स्वतः काही वाजवत नाहीत. पण त्यांचं बालपण मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास गेलं. फरीदसाहेब सतारमेकरांपासून दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्या त्या वस्तीत पोराटोरांनाही भोपळा वाजवून पारखता येतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले, जणू अर्ज त्यांनीच भरला होता. अशा माणसासमोर लाकूड तासायचं म्हणजे आचाऱ्यासमोर पोहे करायचे.

आता तासायचं कशाला, ते सांगतो. लाकडाची सरळ पट्टी दोरीवर ठेवून ठोकली तर ती वाजते, पण भांडल्यासारखी. तिच्या मूळ स्वरावर जो पहिला उपस्वर उठतो, तो साधारण पावणेतीनपट. पावणेतीनपट हा कुठल्याच सुराचा सोयरा नाही. मग पट्टीच्या पोटाखालून मधोमध कमान कोरतात. कमान खोल होत जाते तसे दोन्ही स्वर उतरतात, पण सारखे नाही, आणि त्या उताराउतारीत एक जागा अशी येते की उपस्वर बरोबर चौपट होतो. म्हणजे दोन सप्तकं वरचा तोच स्वर. तिथे लाकूड एकदम शहाण्यासारखं बोलायला लागतं. खर्जाच्या पट्ट्यांत आणखी एक, तिसरा स्वर दहापटीवर आणून बसवतात. मोठ्या पट्टीची मधली जाडी तोवर करंगळीहूनही कमी उरलेली असते. मरिंबा आणि झायलोफोन यांतला एक मुख्य फरक इथेच पडतो. झायलोफोनमध्ये चौपटीऐवजी तिप्पट धरतात.

पट्टीला भोकं कुठे पाडायची, यालाही शास्त्र आहे. पट्टी वाजताना सगळी थरथरते, फक्त दोन ठिकाणी स्वस्थ असते: दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. शाळेच्या पुस्तकात यांना निस्पंद बिंदू म्हणायचे. मला ते दहावीत समजले नव्हते. चाळिशीत मिठाने समजले. पट्टीवर मीठ भुरभुरायचं आणि मधे हळूच ठोकत राहायचं. मीठ उड्या मारत मारत त्या दोन स्वस्थ रेघांवर जाऊन निमूट बसतं. मी हा प्रयोग रात्री अकराला स्वयंपाकघरात करत होतो. बायको पाणी प्यायला आली. ओट्यावर लाकूड, त्यावर मीठ, हातात काठी आणि मी पुटपुटतोय.

"अरे, दृष्ट काढतोयस का कुणाची?" तिने विचारलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग सुरात आणणं सुरू झालं.

या कामातला एकमेव नियम असा, की लाकूड काढता येतं, घालता येत नाही. मधून तासलं की स्वर उतरतो. फार उतरला तर टोकांकडून थोडं तासून चढवता येतो, पण थोडाच. बाकी पडूकवर विश्वास. मोजायचं परिमाण सेंट, म्हणजे दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. एकेक सेंट मोजणारी माणसं आमच्या महाराष्ट्र मंडळात पुष्कळ आहेत, पण तो सेंट वेगळा. इथे दोन सेंटच्या आत राहायचं होतं.

पहिली सा ची पट्टी घेतली. मोबाइलमधला ट्यूनर म्हणाला, अजून तीस सेंट चढी. कानस फिरवली. वीस. फिरवली. बारा. आता पॉलिश पेपर. आठ. सहा. इतक्यात जेवायला हाक आली, आणि "आलोच" म्हणताना हात जो एकदा जास्तीचा फिरला, तो मला आजही दिसतो. उणे अकरा.

मी हबकलो. मग माझ्यातला हिशेबी माणूस जागा झाला. सा बिघडला तर काय झालं? आणखी तासला की त्याच्या खालचा नी होईल! लाकूड वाया गेलं नाही, फक्त पदावनती झाली. पण नी करायला बसलो आणि तो कोमल नीकडे घसरायला लागला. कोमल नी करायला घेतला, त्याने धैवताकडे पाहिलं. सरकारी खात्यात एखाद्या माणसाची चौकशी लागावी आणि तो दर बदलीला आणखी आत, आणखी आत, शेवटी गडचिरोलीला जावा, तसं ते लाकूड सप्तक उतरत गेलं. एक पट्टी चार स्वर फिरून अखेर चुलीपाशी निवृत्त झाली. करायला गेलो गणपती, झाला मारुती, ही म्हण पाडणाऱ्या माणसाकडे नक्कीच कानस असणार.

बिघडलेल्या पट्ट्या ठेवायला मी एक खोकं केलं आणि त्यावर मार्करने लिहिलं: 'बाद'. महिन्याभरात खोकं पुरेना.

मग एक गुपित कळलं. घासताना लाकूड तापतं, आणि तापलं की स्वर उतरतो. म्हणजे रात्री दहाला जी पट्टी उतरली म्हणून मी कपाळ बडवून घेत होतो, ती सकाळी गार झाल्यावर बरोबर जागेवर असायची. तापलेल्या अवस्थेत कुणाबद्दल मत बनवू नये, हे माणसांच्या बाबतीत आजी सांगायची. लाकडाच्या बाबतीतही सांगायला हवं होतं. गंमत म्हणजे खालच्या नळ्यांचं उलट. हवा तापली की नळीचा स्वर चढतो. म्हणजे उन्हाळ्यात वरची पट्टी उतरते आणि तिला साथ देणारी नळी चढते. गेली सतरा वर्षं आमच्या घरातही उकाड्यात हेच होतं.

नळ्यांचा अध्याय वेगळाच. प्रत्येक पट्टीखाली एका टोकाला बंद असलेली नळी हवी; तिची लांबी त्या स्वराच्या लहरीच्या लांबीचा साधारण चौथा भाग. मी हार्डवेअरच्या दुकानातून ढीगभर पीव्हीसी पाइप आणि ६१ टोपणं आणली. काउंटरवरच्या पोराने टोपणं दोनदा मोजली आणि आदराने विचारलं, "किती न्हाणीघरं आहेत तुमची?"

वरच्या स्वरांना वीतभर नळी पुरते. पण सर्वांत खालच्या सा ला हवी जवळपास सव्वा मीटर, आणि आख्खा मरिंबाच कमरेएवढा उंच. उरलेली नळी जमिनीत जाणार का? म्हणून ती खाली वळवून पुन्हा वर आणतात. माझ्या त्या वळवलेल्या पाइपकडे बघून सासूबाईंनी संध्याकाळच्या फोनवर बहिणीला सांगितलं, "जावई प्लंबिंगचं शिकताहेत."

आणि आता या धंद्यातली सर्वांत सुंदर फसवणूक. मरिंबाच्या दर्शनी बाजूला नळ्यांची जी डौलदार कमान दिसते, दोन्हीकडे लांब आणि मधे आखूड, ती पुष्कळदा निव्वळ देखावा असते. आतल्या आत बूच मारून हवा तेवढाच भाग वाजता ठेवतात, खालचा रिकामा. त्याहून कहर म्हणजे पियानोत जिथे काळी पट्टी नसते, तिथे मरिंबाच्या त्या रांगेत फट दिसू नये म्हणून चक्क खोट्या नळ्या बसवतात. त्यांच्यावर पट्टी नाही, त्यांच्यातून आवाज नाही, पण रांगेत उभ्या, चकाकत्या आणि फोटोत पुढे. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची रचना मला तोवर नीट समजली नव्हती.

दीड वर्षाने मरिंबा उभा राहिला. सासरे या मुदतीत मिरजेला जाऊन दुसऱ्यांदा परत आले होते. लेकीने पहिली काठी टाकली आणि एक स्वर्गीय नाद उमटला. त्याच्या मागोमाग उमटलं "झ्झ्झ्झ". कुठला तरी स्क्रू. मी आवळला. झ्झ्झ्झ. दोरीचे खुंटे. झ्झ्झ्झ. तीन आठवडे मी मरिंबाखाली उताणा पडून होतो, गाडीखाली मेकॅनिक असतो तसा.

सासरे खुर्ची घेऊन शेजारी बसायचे. एकदा म्हणाले, "काढताय कशाला? जवारी आहे ती."

मला हसू आलं आणि मग आठवलं, ते फारसं चुकत नव्हते. ग्वाटेमालातले कारागीर नळीला भोक पाडून, त्याभोवती मेण लावून, त्यावर डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा बसवतात. मुद्दाम, तो झणकार यावा म्हणून. त्याला ते चार्लेओ म्हणतात. तो नसेल तर त्यांना मरिंबा मुका वाटतो. आणि मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत बसतो, तोही त्यासाठीच; तीच जवारी. एकाच्या हातात आतडं, दुसऱ्याच्या हातात सूत, आणि दोघांचीही खात्री की स्वच्छ आवाज म्हणजे अर्धवट आवाज. मी ही माहिती घरात सांगितली. आतड्याचं नाव काढताच सासूबाई उठून गेल्या. झ्झ्झ्झ मी काढलाच. तो जिन्याच्या कठड्याचा निघाला.

मग एका रविवारी सगळ्यांना तळघरात बसवून लेकीने वाजवलं. चार काठ्या, दोन हातांत दोन-दोन. मी ट्यूनर घेऊन उभा होतो. ६१ च्या ६१ पट्ट्या दोन सेंटच्या आत. लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं असा क्षण होता, आणि आलंही, पण ते भुशाने.

सासरे गप्प होते. लेक थांबल्यावर उठले, काठी घेतली आणि सर्वांत खालचा सा ठोकला. कान पट्टीजवळ नेला. पुन्हा ठोकला.

"यात गंधार बोलतोय," ते हळूच म्हणाले.

मी चमकलो. खरंच होतं. तिसरा उपस्वर मी दहापटीवर बसवला होता, आणि दहापट म्हणजे तीन सप्तकं वरचा गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून जसा आपोआप गंधार निघतो, तसाच.

मग त्यांनी वरची गंधाराची पट्टी ठोकली. तोंड वाकडं केलं. "ही चढी आहे."

"बाबा, ट्यूनर शून्य दाखवतोय!"

"मग ट्यूनर चढा आहे."

ते बाद खोक्यापाशी गेले, खाली बसले आणि भाजीवाल्याकडे वांगी निवडावीत तशी एकेक पट्टी टकटक करून बाजूला काढायला लागले. एक गंधार त्यांनी खालच्या सा बरोबर वाजवला. दोन्ही एकमेकांत असे मिसळले, की वेगळे ऐकूच येईनात. मी ट्यूनर लावला. उणे चौदा सेंट. ही पट्टी मी कोमल गंधार करायला म्हणून बाजूला टाकली होती.

मला हे कागदावर ठाऊक होतं. पियानोच्या पद्धतीत सप्तकाचे बारा समान तुकडे करतात, त्यामुळे तिथला शुद्ध गंधार सा बरोबर जुळणाऱ्या गंधाराहून सुमारे चौदा सेंट चढा असतो आणि निषाद सुमारे बारा. म्हणजे दीड वर्ष माझा हात जेव्हा जेव्हा जास्तीचा फिरला, तेव्हा तेव्हा मी मिरजेच्या दिशेने जात होतो.

सासऱ्यांनी आठ पट्ट्या निवडल्या. आंघोळीचे दोन टॉवेल गुंडाळून त्यावर मांडल्या, मिठाने दाखवलेल्या त्या दोन रेघांवर बरोब्बर. आणि सा रे ग म वाजवलं. खाली नळी नाही, दर्शनी कमान नाही, खोटं काही नाही. आवाज लहानसा होता, पण खोलीत कुणी हललं नाही.

"आजोबा, पण ते फ्लॅट आहेत ना?" लेकीने विचारलं.

"बाळा, ते उतरलेले नाहीत. तुमचे चढलेत."

आता तळघरात दोन वाद्यं आहेत. मोठं लेक वाजवते. धाकट्यासाठी सासऱ्यांनी खोक्यातच टॉवेल अंथरून जागा केली आहे. खोक्यावर मी लिहिलेला 'बाद' त्यांनी खोडला नाही. माझाच मार्कर मागून घेतला आणि त्यापुढे दोन अक्षरं वाढवली: 'शाही'.